क्लबच्या मैदानावर काय घालावं: टर्फ, हिरवळ की मुरूम?

क्रीडा मंडळाच्या सभेत मैदानाचा विषय निघाला की पहिलं कोटेशन टर्फवाल्याचं, म्हणजे प्लास्टिकचं कृत्रिम गवत घालणाऱ्याचं येतं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: पाणी लागत नाही, पर्यावरणपूरक. पाणी वाचतं हे खरंच आहे. पण दहा वर्षांचा हिशेब मांडायचा तर पाण्यासोबत प्लास्टिक, उष्णता आणि कचराही धरावा लागतो.

आधी पाणीच बघू, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, तेव्हा वादाचा मुद्दा खेळपट्ट्यांना लागणारं पाणी हाच होता. आता आपल्या मैदानाचा हिशेब. 100 बाय 65 मीटरचं फुटबॉलचं मैदान म्हणजे 6,500 चौरस मीटर. भर उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं तर 32,500 लिटर होतात, म्हणजे दहा हजारी टँकर रोज तीनपेक्षा जास्त. हे पाणी बोअरचं किंवा नळाचं असेल तर हिरवळीचा नाद सोडा. शेजारची वस्ती टँकरची वाट बघत असताना तुमचे फवारे फिरायला लागले, तर लोक गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नयेत.

‘छपरावरचं पावसाचं पाणी साठवू’ असं कुणीतरी म्हणतंच. 500 चौरस मीटरच्या छपरावर 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी हाती लागलं, तर 2 लाख 80 हजार लिटर जमतात. मैदानाला ते नऊ दिवसही पुरत नाहीत. जमिनीत जिरवायला चांगलं, पण त्याच्या भरवशावर हिरवळ लावू नका.

खरा पर्याय सांडपाण्याचा आहे. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर वापर आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी, असा हिशेब केला तर रोज 43,000 लिटर पाणी निघतं. म्हणजे शेजारच्या एकाच सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) नीट चालत असेल तर मैदानाची गरज भागून वर पाणी उरतं. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमने 2024 च्या पाणीटंचाईत प्रक्रिया केलेल्या पाण्यावरच आयपीएलचे सामने निभावले. मात्र पाणी निर्जंतुक केलेलं हवं, ते रात्री द्यावं आणि सकाळी मुलं उतरायच्या आत मैदान सुकलेलं असावं. एसटीपीजवळ उभं राहिल्यावर नाकाला रुमाल लावावा लागत असेल तर ते पाणी घेऊ नका.

गवतासाठी परदेशी बियाण्याच्या मागे लागायची गरज नाही. खेळाच्या मैदानांवर जगभर वापरलं जाणारं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतो, कारण ती उपटून संपत नाही. मैदानाला नेमकी तीच चिवट जात लागते. हिरवळीची खरी कमजोरी वेगळीच आहे. आठवड्याला पंधरा-वीस तासांपेक्षा जास्त खेळ झाला की गोलपोस्टसमोर टक्कल पडतं. सकाळी अकादमी, दुपारी शाळा आणि रात्री दिव्यांखाली कॉर्पोरेट स्पर्धा असा कारभार असेल तर हरळीही हात टेकेल.

टर्फ इथे बाजी मारतं. ते सकाळपासून रात्रीपर्यंत वापरा, तक्रार नाही. पण एप्रिलच्या दुपारी त्यावर हात ठेवून बघा. कडक उन्हात पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जाऊ शकतो. मग तो थंड करायला पाणी मारावं लागतं आणि वाचवलेल्या पाण्याचा हिशेब तिथेच बिघडतो. दुसरी गोष्ट टर्फच्या पात्यांमध्ये भरलेल्या काळ्या दाण्यांची. जुन्या टायरचा तो चुरा मोठ्या मैदानावर शंभर टनांच्या आसपास लागतो. तो मुलांच्या मोज्यांतून घरी येतो आणि पहिल्या जोरदार पावसात गटारात जातो. असे प्लास्टिक-रबराचे दाणे विकायला युरोपीय संघाने 2023 मध्ये बंदी घातली. मैदानांना 2031 पर्यंतची सवलत आहे. तिकडे जे बंद होत चाललंय ते आपल्याकडे स्वस्तात मिळणार, हे गृहीत धरूनच कोटेशन वाचा. आणि दहा-बारा वर्षांनी ते गालिचे गुंडाळून टाकायचे कुठे?

मुरमाला कुणी विचारत नाही, पण खो-खो, कबड्डी, लंगडी किंवा धावणं एवढंच असेल तर तोच सगळ्यांत हलका पडतो. पाणी धूळ बसवण्यापुरतं लागतं. पण त्या धुळीला कमी लेखू नका. शिवाजी पार्कच्या लाल मातीवरून रहिवाशांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. मैदान इमारतींना खेटून असेल तर कडेने झाडं आणि गवताचा पट्टा हवाच.

माझा कौल असा: जवळ चालू एसटीपी आणि मोठं मैदान असेल तर डोळे झाकून हिरवळ. पाण्याची सोय नसेल तर मुरूम. टर्फ फक्त छोट्या, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या फाइव्ह-अ-साइडच्या (पाच-पाच जणांच्या फुटबॉलच्या) तुकड्यासाठी, तेही रबराच्या दाण्यांऐवजी कॉर्क किंवा नुसती वाळू घालून. ऑर्डर देण्याआधी कंत्राटदाराकडून दोन गोष्टी करारात लिहून घ्या: गटाराच्या तोंडाशी जाळी तो स्वतःच्या खर्चाने बसवेल, आणि आयुष्य संपलेलं टर्फ तोच उचलून नेईल. दुसऱ्या अटीवर तो का-कू करायला लागला, तर मुरूमवाल्याला फोन लावा.