वेबपीसोबत आठ महिने: यादीला उत्तम, पैठणीच्या काठाला नाही

वहिनीचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे, त्याची वेबसाइट मी सांभाळतो. आठ महिन्यांपूर्वी साइटवरचे सगळे नेहमीचे जेपेग फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बदलले. यादीच्या एका पानावर चाळीस साड्या. नेट जरा मंद असलं की पान उघडण्याआधीच गिऱ्हाईक निघून जायचं.

वेग खरोखर वाढला. 220 केबीचा फोटो 150 च्या आसपास आला आणि फोनवर दोन्ही शेजारी ठेवूनही फरक दिसेना. ब्राउझरची काळजीही उरलेली नाही, सफारीतसुद्धा 2020 पासून वेबपी चालतं.

तिसऱ्या महिन्यात वहिनीने एक फोटो मोठा करून दाखवला. हिरव्या काठावर लाल चोचीचा मुनिया. "अहो भाऊजी, याची चोच कुठं गेली?" मूळ फोटोत ती रेखीव होती, साइटवर लाल रंग हिरव्यात उतरला होता. क्वालिटी 80 ची 95 केली, तरी तेच.

दोन दिवस शोधल्यावर कारण सापडलं. लॉसी वेबपी, म्हणजे आकार घटवायला थोडी माहिती गाळणारा नेहमीचा वेबपी, प्रत्येक पिक्सेलचा (फोटोतल्या ठिपक्याचा) उजेड वेगळा ठेवतो, पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच. यालाच 4:2:0 म्हणतात. आकाश, झाडं, चेहरे यांत ते कळतही नाही. पैठणीत रंग धाग्यागणिक बदलतो, तिथे लगेच उघडं पडतं. जेपेगमध्ये आणि एव्हिफ या वेबपीहून नव्या फाइल-प्रकारात 4:4:4 निवडून प्रत्येक पिक्सेलचा रंग राखता येतो. लॉसी वेबपीत ती सोयच नाही. वेबपी बनवतानाच्या 'शार्प वाययूव्ही' पर्यायाने थोडं सावरतं, पूर्ण नाही. आणि फोटो बघूनच पैसे पाठवणाऱ्या बाईला रंग खराच दिसायला हवा.

म्हणून आता काठ-पदराचे जवळून काढलेले फोटो एव्हिफ 4:4:4 मध्ये, आणि जुन्या फोनसाठी पिक्चर टॅगमध्ये सोबत जेपेग (या टॅगमुळे ब्राउझर त्याला उघडता येईल तो फोटो निवडतो). एव्हिफ तयार व्हायला फार वेळ लागतो, मी रात्री लावून झोपतो. यादीतले छोटे फोटो वेबपीतच ठेवलेत, तिथे त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. लोगो एसव्हीजी केला, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांत साठवला, तो कितीही मोठा करा, फाटत नाही.

एक चूक मात्र भरून येणार नाही. पहिल्या आठवड्यात जागा वाचवायला काही साड्यांचे मूळ फोटो मी पुसून टाकले. त्या साड्या कधीच विकल्या गेल्या. त्यांचे मुनिया साइटवर तसेच पुसट आहेत.