सर्फ फोरकास्ट अ‍ॅप आणि लाँगबोर्ड: स्टार सोडा, आकडे वाचा

दोन सीझन झाले लाटांचा अंदाज देणारं एकच सर्फ फोरकास्ट अ‍ॅप वापरतेय, पैसे भरून, रोज, स्वेल, म्हणजे वाऱ्याने समुद्रात उठलेल्या लाटांची रांग, येणार असला की दिवसातून चार-पाच वेळा. आता त्याच्याबद्दल लिहिण्याइतका अनुभव जमा झालाय. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण त्याच्या आधी दुसरी दोन अ‍ॅप्स वापरली त्यांचीही हीच गोष्ट होती. माझा बोर्ड ९ फूट ४ इंचांचा लाँगबोर्ड, म्हणजे लांब सर्फबोर्ड, खाली एकच पंख (सिंगल फिन), पाणी वर्षभर कोमट, आणि अ‍ॅपकडून मला एकच हवं असतं, की उद्या सकाळी या किनाऱ्यावर लाँगबोर्डची लाट नेमकी कुठे असेल.

तर हे अ‍ॅप चांगलं आहे, खूप चांगलं आहे, फक्त त्याचा सगळ्यात वरचा भाग, म्हणजे ते स्टार आणि हिरवा-पिवळा-लाल रंग, तो लाँगबोर्डवाल्यांनी बघूच नये. रेटिंग काढणाऱ्याच्या डोक्यात छोटा बोर्ड असतो. त्याला उंच लाट हवी, पोकळ लाट हवी, भिंतीसारखी उभी राहणारी हवी. आपल्याला काय हवं? कमरेएवढी, सावकाश उघडत जाणारी, लांबलचक, जिच्यावर उभं राहून नोजपर्यंत, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकापर्यंत, चालत जायला वेळ मिळेल अशी. अ‍ॅपच्या हिशोबात ही लाट "खराब" मध्ये मोडते.

पहिल्या सीझनमध्ये मी स्टार बघून निघायचे आणि एकदा चांगलीच फसले. चार स्टार, हिरवागार दिवस, १.८ मीटर, पिरियड ९ सेकंद. गेले तर सगळा बीच एकदम कोसळत होता, डावीकडून उजवीकडे एकाच वेळी, क्लोजआउट म्हणतात तसं. बाहेर जायलाच पाऊण तास लागला, कारण ९ फुटांच्या बोर्डने डक डाइव्ह, म्हणजे बोर्ड दाबून लाटेखालून बुडी, होत नाही, प्रत्येक फेसाळ लाटेखाली बोर्ड उलटा करून लटकायचं आणि पुन्हा पॅडल मारायचं. तिसऱ्या टेकऑफला, म्हणजे लाट पकडून उभं राहताना, नोज पाण्यात घुसलं, बोर्ड वाळूवर आपटला आणि फिन बॉक्सला (फिन बसवतात त्या खाचेला) तडा गेला. त्यानंतर दहा दिवस किनाऱ्यावर बसून होते, आणि त्या दहा दिवसांत अ‍ॅपचं खालचं टेबल नीट वाचायला शिकले.

टेबलमध्ये पहिला बघायचा आकडा पिरियड. उंची नंतर. दोन लाटांमधलं सेकंदांचं अंतर म्हणजे पिरियड, आणि त्यावरून तो स्वेल कुठून आलाय हे जवळपास कळतं. ७-८ सेकंद म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेलं पाणी, तुटक, घाईघाईत येणारं. १४-१५ सेकंद म्हणजे दूरच्या वादळाचा स्वेल, वाटेत व्यवस्थित ओळी लावून आलेला. ८ सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी साधारण १०० मीटर असते, १५ सेकंदांची सुमारे ३५० मीटर, आणि लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे छोट्या पिरियडची लाट ५० मीटर खोलीवर तळ ओळखते तर मोठी पिरियडवाली पावणेदोनशे मीटरवरच. इतक्या आधीपासून तळ जाणवत असल्यामुळे ती वळते, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला वळसा घालून आतल्या शांत खाडीत शिरते, जिथे वारा लागत नाही आणि तळ हळूहळू उथळ होत जातो. लाँगबोर्डच्या चांगल्या जागा बहुतेक अशाच कोपऱ्यांत असतात. उघड्या बीचवर तोच १५ सेकंदांचा स्वेल बहुतेक वेळा सरळ आडवा कोसळतो, त्यामुळे नुसता पिरियड बघूनही भागत नाही, जागा वळसा घेणारी हवी.

हवाईतल्या वायकिकीला उन्हाळ्यात काय होतं बघा. तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो, खाली दक्षिण महासागरात वादळं होतात, आणि १५ सेकंदांचा स्वेल दिवसाला साधारण हजार किलोमीटर चालतो, म्हणजे आठवडाभर प्रवास करून तो हवाईच्या दक्षिण किनाऱ्यावर पोचतो. एवढ्या प्रवासात उंची गळून जाते, शिस्त तेवढी राहते. समोर पसरट उथळ रीफ (पाण्याखालचा खडक), त्यावर ती लाट निवांत उलगडत जाते. अ‍ॅपवर त्या दिवशी उंची बघाल तर काहीच वाटणार नाही.

उंचीच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट माहीत हवी. तिथे जी उंची दिसते ती बऱ्याचदा सिग्निफिकंट हाइट असते, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, तीही किनाऱ्यापासून लांबची. सेटमधली, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या गटातली, मोठी लाट त्याहून मोठी असणारच, आणि लांब पिरियडची लाट उथळ पाण्यात आल्यावर जास्त उभी राहते. त्यामुळे ०.६ मीटर आणि १५ सेकंद हे कागदावर किरकोळ दिसतं पण पॉइंटवर, म्हणजे टोकाला वळसा घालून लाट फुटते तिथे, कमरेएवढी लाट मिळते, कधी छातीपर्यंत.

नेमका असाच एक दिवस होता. अ‍ॅप लाल, अर्धा स्टार, ०.६ मीटर, १५ सेकंद, वारा शून्याजवळ. पहाटे गेले तर पार्किंगमध्ये कोणी नाही. पाणी तेलासारखं, आणि पहिली दहा-बारा मिनिटं काहीच आलं नाही, मीही मनातून निघायच्या तयारीत. मग टोकाच्या खडकापाशी पाण्यावर एक गडद रेघ उमटली, तिच्या मागे दुसरी, मागे तिसरी. पहिली सोडली, दुसरी घेतली. तीन पॅडलमध्ये बोर्ड उचलला गेला, खाली वळलेच नाही, सरळ आडवी उभी राहिले आणि लाट खांद्याकडून, म्हणजे न फुटलेल्या बाजूने, उघडत राहिली, उघडतच राहिली, मी पाय ओलांडत पुढे, पुन्हा पुढे, शेवटी पायाची बोटं नोजच्या कडेला लागली आणि बोर्डची शेपटी लाटेत घट्ट पकडलेली. खाली कोरल दिसत होतं, इतकं स्वच्छ पाणी. परत पॅडल मारत येताना हातात जोर राहिला नव्हता, तरी तिसऱ्या सेटला पुन्हा तिथेच होते.

वाऱ्याच्या बाबतीत अ‍ॅपला पूर्ण मार्क. गरम किनाऱ्यावर रोजचं गणित ठरलेलं, शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो तेच. रात्री जमीन थंड होते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे ऑफशोअर, लाटेचा चेहरा गुळगुळीत. ऊन चढलं की उलटा, आणि दुपारपर्यंत सगळं खरखरीत. अ‍ॅप हे तासातासाला दाखवतं, आणि वारा कधी फिरणार हे माझ्या अनुभवात अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. फक्त एक, टोकामागे लपलेली जागा असेल तर दुपारच्या वाऱ्यातही तिथे चांगलं चाललेलं असू शकतं, कारण डोंगराची आड मिळते. हे अ‍ॅपला कळत नाही. हवामानाच्या जागतिक मॉडेलची चौकट कित्येक किलोमीटरची असते, त्यात तुमचं छोटंसं टोक बसणार कुठे.

स्वेलची दिशा हा आकडा तर लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते जागा शोधायला तोच सगळ्यात कामाचा. ऑस्ट्रेलियातलं नूसा घ्या, लाँगबोर्डवाल्यांचं लाडकं, २०२० पासून वर्ल्ड सर्फिंग रिझर्व्ह (सर्फिंगसाठी जपलेली जागा). ती खाडी उत्तरेकडे तोंड करून आहे. दक्षिणेकडून आलेला भला मोठा स्वेल बराचसा बाहेरूनच निघून जातो, आणि उन्हाळ्यातल्या चक्रीवादळांचा पूर्वेकडचा स्वेल मात्र आत वळून एकामागून एक टोकं धरत फर्स्ट पॉइंटपर्यंत येतो. उंची तीच, दिशा वेगळी, की दिवस वेगळा. श्रीलंकेत तर मोसमच बाजू बदलतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगमाची बाजू खवळलेली, तेव्हा पूर्वेकडच्या अरुगम बेला तोच वारा जमिनीकडून येतो आणि पॉइंट चालू. वेलिगमा मग नोव्हेंबर ते एप्रिल. तुम्ही कुठल्याही गरम किनाऱ्यावर असलात तरी आधी हे बघा, की वर्षातला मुख्य वारा कुठून आणि किनाऱ्याची कुठली बाजू त्याच्या आडोशाला.

आता तक्रार, आणि ही खरी तक्रार आहे. भरती-ओहोटी. माझ्या स्पॉटसाठी अ‍ॅप ज्या बंदराच्या वेळा वापरतं ते बरंच लांब आहे आणि प्रत्यक्षात पाणी जवळपास ४० मिनिटं उशिरा चढतं. लाँगबोर्डच्या उथळ रीफवर ४० मिनिटं म्हणजे सगळं काही. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, त्यामुळे पाणी कमी असेल तर तीच मवाळ लाट रीफवर उभी राहून आपटते, जास्त असेल तर फुटतच नाही, नुसती उचलून पुढे जाते. मी सपोर्टला दोनदा लिहिलं, उत्तर आलं की कळवल्याबद्दल आभार, बदल झाला नाही. शेवटी काठावरच्या एका खडकावर खूण धरली, दोन आठवडे वेळा लिहून काढल्या आणि आता मनातच ४० मिनिटं मिळवते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार वरखाली होत नाही, तेव्हा सकाळभर एकाच जागी मजा येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र खिडकी लहान, दीड-दोन तास, आणि ती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अ‍ॅपमध्ये हे शोधायला तीन स्क्रीन उघडाव्या लागतात, ते एका ठिकाणी आणायला हवं होतं.

कॅमेरे ठीक. जिथे कॅमेरा आहे तिथे गर्दीही आहे, त्यामुळे मी फारसे बघत नाही.

पैसे वसूल झाले ते एका गोष्टीने, जुन्या नोंदींनी. पेड व्हर्जनमध्ये मागच्या तारखांचा स्वेल, पिरियड, दिशा सगळं बघता येतं. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, १० मीटरच्या बारकाव्याचे, साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचे, आणि ते सकाळी साडेदहाच्या सुमाराला काढलेले असतात, बऱ्याचदा खारा वारा नीट सुटायच्या आधी. मग मी अ‍ॅपमधून चांगल्या स्वेलच्या तारखा काढते आणि त्याच तारखांचे फोटो उघडून किनारा इंचाइंचाने बघते. पांढरा फेस आडवा सरळ दिसला की सोडून द्यायचं. टोकापासून तिरकी पांढरी रेघ आत जातेय आणि शेजारी गडद शांत पट्टा आहे, असं दिसलं की ती जागा वहीत, कारण तो गडद पट्टा म्हणजे चॅनेल, तिथून पॅडल मारत बाहेर जाता येतं. या पद्धतीने अकरा जागा निघाल्या, प्रत्यक्ष जाऊन बघितल्या तर सात फालतू, कुठे खडक फारच उघडे, कुठे नदीचं गढूळ पाणी, दोन बऱ्या, आणि दोन अशा की मी आता दुसरीकडे जातच नाही.

नवीन जागी गेलात तर पहिली दहा मिनिटं काठावर बसून बघा, सेटमधलं अंतर मोजा, तिथले लोक कुठे बसलेत ते बघा. आपला बोर्ड मोठा, आपल्याला लाट सगळ्यांच्या आधी मिळते, म्हणून प्रत्येक लाट घ्यायची नाही, आणि लीश, म्हणजे पायाला बोर्ड बांधायची दोरी, बोर्डच्या लांबीची हवीच, सुटलेला ९ फुटांचा बोर्ड गर्दीत फार वाईट लागतो.

घ्यावं का? महिन्यातून एकदा जाणाऱ्यांना फुकट व्हर्जन पुरे, पिरियड, दिशा आणि वारा त्यातही दिसतात. नवीन जागा शोधायची खाज असेल तर नोंदींसाठी एक वर्ष पैसे भरा. मी तिसऱ्या वर्षासाठी भरलेत. सेटिंगमध्ये रेटिंग लपवायची सोय आहे, पार खाली, "डिस्प्ले" मध्ये, ती आधी चालू करा.