४,२०० रुपये परत आले आणि मी फसलो

चार महिने झाले, लाजेपोटी लिहीत नव्हतो. हिंजवडीत आयटीत आहे, कंपनीत दर तीन महिन्यांनी फिशिंगचं, म्हणजे खोट्या लिंक ओळखायचं, ट्रेनिंग घेतो, आणि तरी बिटकॉइनच्या नावाखाली माझे ५,७६,८०० रुपये गेले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

"हाव सुटली म्हणून गेले" असं घरी-दारी सगळे म्हणतात म्हणून आधी हे सांगतो. माझ्या आजीचे पैसे पेठेतल्या एका सहकारी बँकेत अडकले होते, आरबीआयचे निर्बंध आले आणि ती बिचारी पासबुक पिशवीत घालून वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. २०१६ ला नोटबंदीत मी बाबांबरोबर एटीएमच्या रांगेत उभा होतो, चार तास उभं राहून दोन हजार मिळाले. मग आमच्या वयाच्या पोरांच्या डोक्यात काय बसणार? बँकेतला पैसा आपला नसतोच, मागावा लागतो. त्यात तेव्हा एफडीला सात टक्के आणि वाकडला टूबीएचके ऐंशी लाखांच्या खाली बोलत नव्हता. उलट बिटकॉइन एकूण २.१ कोटीच निघणार, कोणी रात्री आठला टीव्हीवर येऊन ते रद्द करू शकत नाही, आणि शंभर रुपयांपासून मोबाइलवर घेता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये भाव एक लाख डॉलरच्या वर गेला तेव्हा ऑफिसखालच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. एफडीवाले आम्हाला म्हातारे वाटायचे.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. टेलिग्राम ग्रुप, 'सर', रोज नफ्याचे स्क्रीनशॉट, लिंकवरून ॲप. आधी १०,००० टाकले, मग ५०,०००, मग १,५०,०००, मग आईची एफडी मोडून २,७५,०००. आईला म्हणलं दिवाळीला दुप्पट करून देतो.

आता ती जागा, जिच्यावरून मला अजून रात्री झोप लागत नाही. दहा हजार टाकल्यावर मी मुद्दाम टेस्ट म्हणून ४,२०० काढून बघितले. वीस मिनिटांत आले. मी खूश. पण मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी एक्सचेंजचं, म्हणजे बिटकॉइन घेण्या-विकण्याच्या कंपनीचं, नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईचं नाव होतं, परराज्यातलं खातं. मी ते नाव वाचलं. दोनदा वाचलं. आणि मनातच म्हणलं "पीटूपी असेल", म्हणजे एका ग्राहकाने दुसऱ्याला थेट पैसे पाठवायचे तसं. अरे गाढवा! माझे पैसे तरी कुठे जात होते, दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यात आयएमपीएसने! म्हणजे बँकेवर विश्वास नाही म्हणणाऱ्या मी बँकेतूनच अनोळखी लोकांना पैसे पाठवले आणि आयुष्यात बिटकॉइन एक पैशाचंही घेतलं नाही, ॲपवर दिसत होते ते नुसते आकडे.

शेवटी सगळे काढायला गेलो तर म्हणे ३,२०,००० नफ्यावर ३० टक्के टॅक्स आधी भरा, ९६,०००. क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स खरंच आहे, २०२२ पासून, म्हणून तर पटलं. पण तो आपण सरकारला भरतो, ॲपवाल्याला नाही, इथले एक्सचेंज विकताना फक्त १ टक्का टीडीएस कापतात. मला हे माहीत होतं, तरी भरले. त्या क्षणी माणूस अक्कल नाही, पैसे वाचवत असतो.

मग १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. अर्धा तास वाजत राहिला, लागला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, बाकी काही नाही. चौकीत गेलो तर "एवढं शिकलेले तुम्ही?" आणि सायबरला जा. सायबरला गेलो तर स्टेटमेंटची प्रिंट आणा, शिक्क्यासकट. शिक्क्याला बँकेत गेलो तर लंच टाइम. लंचनंतर मॅडम म्हणाल्या ओटीपी तुम्हीच टाकलाय ना, मग आम्ही काय करणार. दोन महिने हेच, सहा रजा गेल्या, आणि शेवटी कुठल्यातरी तिसऱ्या खात्यात १८,४०० गोठवलेत असं कळलं, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणे. २०१८ पासून पुण्यात बिटकॉइनच्या नावाने केवढं मोठं प्रकरण गाजलं, तरी काउंटरवरच्या माणसाला यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) म्हणजे काय हे मीच समजावून सांगत होतो. आजीला निदान ठेव विम्याचे तरी मिळाले, माझ्यामागे तेही नाही.

आणि हो, "पैसे परत मिळवून देतो, फक्त १५,००० फी" असा मेसेज आला तर ब्लॉक करा, तीही फसवणूकच असते. मला तीन आले. एक्सचेंज एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेलं आहे का तेवढं आधी बघा. आणि १९३० ला लगेच फोन करा, मी घरी काय सांगायचं याचा विचार करण्यात दोन दिवस घालवले, तोपर्यंत पैसे पाच खाती फिरले होते.

गेल्या महिन्यात पगार आला आणि खातंच चालेना. ब्रँचला गेलो तर परराज्यातल्या पोलिसांचं पत्र, माझ्या खात्यावर ४,२०० चा होल्ड. त्या बाईने तक्रार केली होती. ते पैसे तिचे होते, तिलाही कुठल्यातरी 'सरां'नीच माझ्या खात्यात टाकायला लावले होते, आणि तिच्या तक्रारीत आरोपी म्हणून खाते क्रमांक माझा आहे.