व्हीजीए, एचडीएमआय की टाइप-सी? लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडताना

घरचा मॉनिटर आणि सभागृहातला प्रोजेक्टर या दोघांसाठी एकच केबल शोधत असाल, तर तो नाद सोडा.

रोजच्या टेबलासाठी माझं मत टाइप-सीला. एका वायरीत चित्र, आवाज आणि मॉनिटर तसा असेल तर लॅपटॉपचं चार्जिंगही. गोम अशी, की प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं (डीच्या आकारात पी) किंवा थंडरबोल्टचं (बाणासारखी वीज) चिन्ह आहे का बघा. नसेल तर मॉडेलची माहिती वाचूनच खर्च करा. आणि फोनच्या चार्जरबरोबर आलेली वायर इथे बहुधा कामाची नसते. ती लावून 'मॉनिटरच खराब निघाला' म्हणणारे मी पाहिलेत.

एचडीएमआय बहुतेक ठिकाणी चालतं, आवाजही नेतं. फक्त लॅपटॉपला एचडीएमआयची जुनी 1.4 आवृत्ती असेल तर फोरके (खूप बारीक तपशिलाच्या) मॉनिटरवर सेकंदाला 30 चित्रंच मिळतात आणि माऊस अडखळल्यासारखा वाटतो. 2.0 असेल तर 60.

व्हीजीए 1987 सालचं. आवाज नाही, लांब वायरीवर अक्षरं फिसकटतात. तरी छताला टांगलेल्या जुन्या प्रोजेक्टरखाली तीच निळ्या टोकाची वायर लोंबत असते, म्हणून बॅगेत कन्व्हर्टर हवाच. घेताना 'एचडीएमआय टू व्हीजीए' असंच मागा; उलट्या दिशेचा इथे चालत नाही.

आता खरी भीती. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात फिरवताना झिणझिण्या आल्यात कधी? अर्थिंग नसल्याची ती खूण असू शकते. एका हॉलमध्ये प्रोजेक्टरचा तीन पिनी प्लग दोन पिनी अडॅप्टरमध्ये कोंबलेला होता. मी एचडीएमआय खुपसली, बारीकशी ठिणगी दिसली, आणि माझं पोर्ट कायमचं गेलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: दोन्ही यंत्रं बंद, चार्जर काढलेला, आधी केबल, मग वीज. शक्य असेल तर दोन्ही प्लग अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर. सॉकेटबद्दल शंका असेल तर भाषण बॅटरीवरच उरकतो.

वायरलेस? वायरीचा हा धोका त्यात नाही, पण व्हिडिओ मागे पडतो. स्लाइड्सपुरतं ठीक.

विंडोज असेल तर शेवटी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा, नोटिफिकेशन बंद करा. घरून आलेला 'येताना कोथिंबीर आण' पन्नास जणांनी वाचायला नको.