आठ महिने वापरून झाल्यावर: दूरशिक्षणाच्या पोरांसाठीची ऑनलाइन टूल्स, काय चाललं आणि काय नाही

मी सोलापुरात मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.वाल्यांना शिकवतो, तिकडच्या भाषेत समंत्रक. रविवारी संपर्कसत्र, बाकी सगळं पोरांनी घरी वाचायचं. पोरं म्हणतोय खरं, पण त्यात अक्कलकोट रोडला कारखान्यात रात्रपाळी करणारे आहेत, कुंभारीच्या विडी घरकुलातल्या दोन बहिणी आहेत आणि एक अक्का आहेत ज्यांची स्वतःची लेक बारावीला आहे. तीसेक जणांची बॅच. जूनमध्ये ठरवलं की मधल्या सहा दिवसांत पण काहीतरी हालचाल पाहिजे, म्हणून दिसेल ते टूल वापरत सुटलो.

सुरुवात कहूटनं (खेळासारखी क्विझ घ्यायचं ॲप) केली, सगळे तेच सांगतात म्हणून. रात्री आठला मीट (व्हिडिओ कॉल) लावायची आणि त्यावर लाइव्ह क्विझ. आता कहूट मुळात वर्गासाठी बनवलेलं, प्रश्न समोरच्या मोठ्या पडद्यावर आणि हातातल्या मोबाईलवर नुसते चार रंगांचे आकार, लाल त्रिकोण, निळी शंकरपाळी वगैरे. वर्गात मजा येते. पण आमच्या पोरांकडं एकच मोबाईल, त्यावरच मीट आणि त्यावरच क्विझ, मीटवर जाऊन प्रश्न वाचून परत येईपर्यंत वीस सेकंद संपलेले. प्रश्न मोबाईलवरच दाखवायचं सेटिंग आहे हे मला तीन आठवड्यांनी सापडलं, तोवर निम्म्यांनी नाद सोडला होता. चूक माझीच, आधी वाचायला पाहिजे होतं.

पण खरं दुखणं सेटिंगचं नव्हतंच, आठ वाजताचं होतं. आठला कोणी पाळीवर निघालेला असतो, कोणाच्या घरात फोन भावाकडं असतो, आणि आमच्या गावात पाणी काय रोज येत नाही, ज्या भागात पाणी आलंय तिथलं त्या रात्री कोणीच दिसत नाही. घागरी भरायच्या का क्विझ खेळायची?

मग लाइव्हचा हट्ट सोडला. क्विझिझ (२०१५ ला बेंगळुरूत सुरू झालेलं, आता नाव वेग्राउंड केलंय) गृहपाठ म्हणून टाकता येतं, मुदत द्यायची, ज्यानं त्यानं आपल्या वेळेला सोडवायचं, प्रश्न आपल्याच स्क्रीनवर. हे बरं चाललं. तरी शेवटी सगळ्यात जास्त वापर झाला साध्या गूगल फॉर्मचा. रोज पाचच प्रश्न, क्विझ मोड चालू, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागं दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहून ठेवायचं, ते पोराला सबमिट केल्या केल्या दिसतं. हे स्पष्टीकरण लिहायला खूप वेळ जातो, पण फळ त्यातच आहे. नुसतं "चूक" दिसून कोणाचा घसारा (वापरानं वस्तूची किंमत दरवर्षी घटते, त्याचा हिशोब) सुधारत नाही. प्रश्न पण गावचेच घालतो, यंत्रमाग ८०,००० चा, दरवर्षी १० टक्के घसारा, सरळ रेषा पद्धतीनं (टक्के दरवर्षी मूळ किमतीवरच) तिसऱ्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत किती. ५८,३२० असं उत्तर आलं की कळतं गडी घटत्या शिल्लक पद्धतीत (टक्के दरवर्षी उरलेल्या किमतीवर) शिरलाय, बरोबर ५६,००० आहे.

फॉर्ममध्ये एक गोष्ट बघून ठेवा. "एकदाच उत्तर" हे सेटिंग चालू केलं की गूगल लॉगिन लागतं. मी कॉपी होऊ नये म्हणून चालू केलं आणि त्या दोघी बहिणींचा फोन एक, खातं एक, मोठीनं भरला की धाकटीला फॉर्म उघडेचना. बिचारी चार दिवस काही बोलली नाही, मला वाटलं अभ्यास सोडला. तेव्हापासून सेटिंग बंद, नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, झालं.

व्हॉट्सॲप पोल पण वापरला. लगेच उत्तरं येतात, पण कोणी काय दाबलं ते नावासकट दिसतं, मग सगळे आमच्या हुशार पोराची वाट बघत बसतात आणि त्यानं दाबलं की धडाधड तेच. मत विचारायला ठीक, परीक्षेला नाही. मेंटीमीटरचा शब्दांचा ढग (सगळ्यांनी टाइप केलेले शब्द स्क्रीनवर एकत्र दिसतात) दिसायला झकास, फक्त घसारा, घसरा, घासारा असे तीन वेगळे शब्द तरंगायला लागले आणि आम्ही नुसते हसत बसलो.

पॅडलेटवर (एक ऑनलाइन फळा, सगळे त्यावर आपापलं चिकटवतात) मात्र जीव बसला. लॉगिनशिवाय फोटो टाकता येतो. काम दिलं, आपल्या आसपासची एक खरी नोंद टाका आणि नावे (डेबिट) काय, जमा (क्रेडिट) काय ते खाली लिहा. किराण्याची उधारीची वही आली, चादर कारखान्याचं चलान आलं, आणि अक्कांनी हजार विड्यांच्या मजुरीचा आठवड्याचा हिशोब टाकला, तोही चोख. पुस्तकातलं एक पान कोणी एवढं बारकाईनं बघितलं नव्हतं. घोळ एवढाच झाला की किराण्याच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि थकबाकी उघड दिसत होती, गल्लीतलीच माणसं. धावत जाऊन काढलं. आता मंजुरीशिवाय पोस्ट दिसू नये हे चालू ठेवतो आणि नावावर अंगठा ठेवून फोटो काढायला सांगतो.

आणि व्हॉइस मेसेज. घरी तेलुगू बोलणारी आमची बरीच पोरं मराठी फाडफाड बोलतात, पण लिहायचं म्हटलं की गप्प. त्यांना सांगितलं, ताळेबंद दीड मिनिटात बोलून समजावा. जो रविवारी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो त्याचा मेसेज रात्री अडीचला आला, पाठीमागं मागांचा खडखडाट. अर्धा ऐकूच येईना, पण देणी आणि मत्ता त्यानं अगदी बरोबर सांगितली होती. ऐकायला मात्र वेळ लागतो हे धरून चला, तीस मेसेज म्हणजे पाऊण तास गेला.

गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतली आमची सिद्धेश्वराची जत्रा) आठवड्यात सगळंच थंड पडलं, ते पडणारच, टूल कुठलंही असो.

पेड प्लॅन घेऊ का असं दोघातिघांनी विचारलं. मी नाही घेतला, तीस जणांना फुकटात भागतं. त्या पैशात दोन पोरींचा महिन्याचा रिचार्ज मारला.