घरी साखर तपासायची यंत्रे: अपुऱ्या थेंबाचे काय?

मधुमेह घरात असलेल्या माणसाला साखर तपासण्याचे यंत्र म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मेडिकलच्या काचेमागे मांडलेल्या डब्यांपैकी कोणता उचलावा, एवढाच त्याचा प्रश्न असतो. गेल्या ९ वर्षांत आमच्या खानापूरच्या घरात तीन यंत्रे आली आणि त्यांपैकी दोन आजही वापरात आहेत. एक बोट माझे, दुसरे ७४ वर्षांच्या आईचे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे तो दोन माणसांचा अनुभव आहे, त्याला मोजमाप समजू नये. पहिल्या दोन यंत्रांची नावे मुद्दाम देत नाही, कारण तक्रार यंत्रांची कमी आणि आमच्या बोटांची जास्त आहे.

पहिले यंत्र जुन्या पद्धतीचे होते. पट्टीच्या वरच्या चौकोनावर थेंब सोडावा लागे, आणि पट्ट्यांच्या प्रत्येक नव्या डब्याबरोबर आलेली चिप आठवणीने बदलावी लागे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दुसरे स्वस्तातले, पण कामाला चोख: पट्टीचे टोक थेंबाला लावले की ती रक्त स्वतःच ओढून घेते, पाच सेकंदांत आकडा दिसतो आणि एक पट्टी मला साधारण १२ रुपयांना पडते. तिसरे कॉन्टूर प्लस. त्याला ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे मोहरीहूनही लहान थेंब पुरतो. पट्टी मात्र २० रुपयांच्या पुढे जाते.

अचूकतेच्या बाबतीत मी फार खोलात जाणार नाही. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना शंभरांतील ९५ नोंदी प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आल्या तरी यंत्र उत्तीर्ण ठरते. एकदा बेळगावला लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिले, त्या वेळी पिशवीतून दोन्ही यंत्रे बरोबर नेली होती. लॅबचा आकडा १३२ आला. स्वस्त यंत्राने १४१ दाखवले आणि कॉन्टूरने १३७. एका सकाळच्या आकड्यांवरून डावे-उजवे ठरवणे योग्य होणार नाही, आणि औषधाचा डोस ठरवणाऱ्या आमच्या डॉक्टरांनाही दोन यंत्रांतल्या त्या चार अंकांच्या फरकाचे काही वाटले नाही. (अशी तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटी करावी, जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते.)

माझा निर्णय झाला तो अपुऱ्या थेंबावर. आईचा जन्म भातशेतीत गेला. तिच्या बोटांची कातडी पेरापर्यंत घट्ट झालेली आहे, आणि डिसेंबरच्या पहाटे, खानापूरच्या थंडीत, त्या बोटांतून रक्त काढणे हे कसबाचे काम असते. कोमट पाण्याने हात धुवावा, हात थोडा वेळ खाली सोडून ठेवावा, सुईची खोली वाढवावी, टोचावे बोटाच्या कडेला. एवढे सगळे करून थेंब येतो तो अर्धाच. पट्टी तो अर्धा थेंब पिते, यंत्र क्षणभर विचार केल्यासारखे थांबते आणि चूक झाल्याची खूण दाखवते. पट्टी गेली. नवी पट्टी, नवे टोचणे. पट्टी वाचवण्याच्या घाईत मी बोट पिळू लागलो, हे अधिक वाईट, कारण जोराने पिळले की रक्तात पेशींभोवतीचे पाणी मिसळते आणि मग आलेल्या आकड्यावरही विश्वास ठेवता येत नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले की आई हात मागे घेऊन म्हणायची, “असूंदे बाबा, उद्या बघूया की.” तो उद्या कधी तीन दिवसांनी उगवायचा. वहीत तिच्या नावाच्या रकान्यात रिकामी घरे वाढत गेली.

कॉन्टूर प्लसमध्ये थेंब कमी पडला तर यंत्र दोनदा वाजते, थेंबाचे चित्र लुकलुकते आणि साधारण अर्धा मिनिट त्याच पट्टीला आणखी रक्त लावता येते. सोय एवढीच आहे. पण त्या अर्ध्या मिनिटात घाई संपते, पिळणे संपते, आणि बहुतेक वेळा त्याच टोचण्यातून दुसरा थेंब मिळतो. पैशांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर स्वस्त यंत्राच्या तीन पट्ट्यांतली एक आईच्या बोटावर वाया जात असे, म्हणजे एक आकडा १८ रुपयांना पडे. तरीही तेच यंत्र दोन-तीन रुपयांनी स्वस्त ठरते. वहीतली रिकामी घरे या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत.

कॉन्टूर घेतल्यावर एक अडचण मात्र राहिली. माझ्या नेहमीच्या मेडिकलमध्ये स्वस्त यंत्राच्या पट्ट्या केव्हाही मिळतात, याच्या मागवाव्या लागतात. म्हणून बेळगावला गेलो की एखादा डबा घेऊन येतो. आमच्याकडे जूनपासून हवा इतकी ओली असते की मीठ बरणीतच पाझरते, तेव्हा पावसाळ्यात ५० ऐवजी २५ पट्ट्यांचीच बाटली घ्यावी, झाकण लगेच घट्ट लावावे आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. हे कोणत्याही यंत्राला लागू आहे. हात धुण्याचेही तसेच: गणपतीत पाहुण्यांना कुंद्याची मिठाई वाढून मी तसाच तपासायला बसलो आणि २६० पाहून हबकलो, साबणाने हात धुऊन पुन्हा पाहिले तर १५८.

दिवसाला चार-पाच वेळा तपासावे लागणाऱ्या, बोटांतून सहज रक्त येणाऱ्या तरुण माणसाने स्वस्त पट्टीचे यंत्र घेतले तर मी त्याला अडवणार नाही. महिन्याचा फरक हजाराच्या घरात जाऊ शकतो. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही यंत्रे अशा वेळी साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. घरात म्हातारे माणूस असेल, किंवा शेतात, बांधकामावर राबलेले हात असतील, तर मात्र खोक्यावर इतर काहीही वाचण्याआधी अपुऱ्या थेंबाला दुसरी संधी आहे का, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे असे मला वाटते.

स्वस्त यंत्र मी टाकलेले नाही. माझ्या बोटांना ते पुरते. डिसेंबर लागला की मीही आईच्या डब्यातून एखादी पट्टी मागून घेतो.