जळगावातले मॅचिंगवाले काका: दीड वर्ष रोज जाऊन लिहितेय

फुले मार्केटच्या एका गल्लीत हे मॅचिंगचं दुकान आहे, म्हणजे साडी-ब्लाउजला जुळणारं अस्तर, फॉल, दोरा मिळणारं. बोर्ड आहे वरती पण ते नाव कोणीच घेत नाही, सगळे मॅचिंगवाले काका म्हणतात म्हणून मीपण तेच म्हणते. दुकान अरुंद आहे, दोन बायका आत शिरल्या की तिसरीला पायरीवर थांबावं लागतं, पण आत भिंतीला खालपासून छतापर्यंत अस्तराची थानं लावलेली आहेत, रंगाच्या क्रमाने, आणि मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघतच उभी होते.

मी अमळनेर तालुक्यातली. बारावी झाली, मग आयटीआयला शिवणाचा एक वर्षाचा कोर्स केला आणि जळगावला एका बुटीकमध्ये हेल्पर म्हणून लागले. पिंप्राळ्यात चौघी मिळून रूम, डबा लावलेला. घरी सगळ्यांना वाटायचं पोरगी फॅशन डिझायनिंगमध्ये गेली, आणि मलाही वाटायचं की आता मी स्केच काढणार, मॉडेलच्या अंगावर कपडे बघणार. पहिल्या दिवशी मॅडमनी हातात एक पिशवी दिली, त्यात अकरा ब्लाउजपीसचे तुकडे आणि एक चिठ्ठी, अस्तर, फॉल, चेन, हुक, पायपिंग, सगळं मॅचिंग करून आण म्हणून. ते काम मी आजपर्यंत करतेय आणि खरं सांगते, फॅशन म्हणजे काय ते मी त्या पिशवीपासून शिकले.

पहिल्याच आठवड्यात मोठी चूक झाली. नवरीची आमसुली रंगाची पैठणी होती, तिच्या ब्लाउजसाठी मी दुसऱ्याच एका दुकानातून अस्तर आणलं कारण काकांकडे गर्दी होती आणि मला साडेपाचच्या आत परत जायचं होतं. दुकानात ट्यूबलाईटखाली एकदम बरोबर दिसत होतं. सकाळी मॅडमनी खिडकीत धरलं तर पैठणी आमसुली आणि अस्तर सरळ सरळ वाइन. कापलेलं कापड ते दुकान परत घेईना, पैसे माझ्या पगारातून गेले, त्या महिन्यात डब्याचे पैसे द्यायला मला मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी तोच तुकडा घेऊन काकांकडे गेले. माझ्या तोंडून घाईत घरची भाषा निघाली, आणि काका लगेच म्हणाले, "काय जोयजे तुले बेटा?" जळगावात आल्यापासून रूमवर, कामावर मी जपून जपून शुद्ध बोलायचे कारण एकदा एका कस्टमरने माझ्या बोलण्यावरून तोंड वाकडं केलं होतं, आणि इथं समोरचा माणूस भर दुकानात बसून माझ्याशी अहिराणी बोलत होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्यांनी तीन थानं काढली, तिन्हीचा कोपरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाहेर जाईसन दख." म्हणजे बाहेर जाऊन बघ.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, शेड कधीच ट्यूबखाली ठरवायचा नाही. दोन कापडांना वेगवेगळ्या डायने रंग दिलेला असतो, ट्यूबच्या उजेडात ते सारखे दिसू शकतात पण उन्हाचा उजेड पडला की फरक उघडा पडतो. काका हे प्रत्येक गिऱ्हाइकाला करायला लावतात, कितीही गर्दी असो. आणि दोऱ्याचं पण तसंच, रिळावर दोरा गडद दिसतो, एकच धागा ओढून कापडावर आडवा ठेवला की फिका वाटतो, म्हणून एकदम जुळणारा मिळत नसेल तर अर्धा शेड गडद घ्यायचा, शिवल्यावर तो दिसत नाही. हे मला कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

रंगांची नावं तर मी इथंच शिकले. आधी मला हिरवा म्हणजे हिरवा. आता पोपटी, मेहंदी, रामा, मोरपंखी हे सगळं डोळ्यांना वेगळं दिसतं, रामा आणि मोरपंखीत तर बुटीकच्या जुन्या मुलीपण अडकतात. राणी, गाजरी, डाळिंबी, कांदा, बिस्कीट, चिंतामणी. गिऱ्हाईक फोनवर फोटो दाखवून पेस्टल पीच पाहिजे म्हणतं आणि काका न बोलता कांदा कलरचं थान काढतात, आणि तोच बरोबर निघतो.

माल कसा आहे ते सांगते. कॉटन अस्तर आणि टू बाय टू रुबिया (ब्लाउजचं कापड) एक नंबर, रंग जात नाही, मी धुऊन बघितलंय. पण कॉटन अस्तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरा, नाहीतर पहिल्या धुण्याला ते आटतं आणि वरचं कापड गोळा होतं, मग काखेत आणि मुंढ्याला सुरकुत्या, आणि गिऱ्हाईक म्हणणार शिवण खराब. फॉललापण हेच. काका हे सांगूनच देतात. प्युअर कॉटनबद्दल शंका घेतली तर ते एक धागा काढून काडी लावून दाखवतात, कॉटन कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. एकदा त्यांचं स्वतःचंच एक थान मिक्स निघालं, सुरतेहून तसंच आलं होतं, त्यांनी ते लगेच बाजूला काढलं आणि मिक्सच्या भावाने विकलं. हे मी समोर उभी राहून बघितलंय म्हणून लिहितेय.

सुरतेचं नाव निघालं की मला घरचं आठवतं. आमच्याकडे प्रत्येक गल्लीतलं कोणी ना कोणी सुरतेला असतं, माझे मामा तिथल्या उधन्याला आहेत, आणि आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा ते घरी बसले. काकांना हे सांगितलं तर त्यांनी आजोबा कुठल्या खात्यात होते ते विचारलं. मला माहीतच नव्हतं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी गेले तेव्हा आजीला विचारून आले, साच्यावर होते म्हणे, साचा म्हणजे माग.

आता जे आवडत नाही ते. चेन चांगल्या नाहीत, ड्रेसला बाहेरून न दिसणारी बारीक चेन असते ना ती दोनदा माझ्या हातात दात सोडून आली, चेन दुसरीकडून घ्या. ब्लाउजचे पॅडपण जरा कडक आहेत. लगीनसराईत, एप्रिल मेमध्ये, दुपारी जाऊच नका, बाहेर 44 डिग्री आणि आत एकच पंखा, माझ्यासमोर एका बाईला चक्कर आली होती. बसायला स्टूल नाही, वयस्कर बायकांसाठी एक तरी ठेवायला पाहिजे, मी दोनदा बोललेय त्यांना. आणि श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशातला देवीचा सण) आधीच्या शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या बायका कानबाईसाठी गोटा, लेस, छोटा जरीचा तुकडा घ्यायला येतात, तेव्हा बुटीकचं काम शुक्रवारीच उरकून घ्यायचं. कापलेलं कापड इथंपण परत घेत नाहीत पण उन्हात बघायला लावल्याशिवाय कापतही नाहीत, त्यामुळे माझी ती वेळ परत आली नाही.

भाव ठीक आहेत, कॉटन अस्तर मला 60 रुपये मीटरच्या आसपास पडतं, ऑनलाईन कधी कधी स्वस्त दिसतं पण स्क्रीनवरचा रंग आणि हातातला रंग यात फार फरक असतो, मी एकदा मागवून बघितलं आणि परत कधी मागवलं नाही.

मागच्या महिन्यात मॅडमनी मला पहिल्यांदा एका नवरीच्या ब्लाउजचं पूर्ण काम दिलं, गळ्याच्या डिझाईनपासून लटकनपर्यंत. चिंतामणी रंगाचा शालू. मी काकांकडे गेले, त्यांनी चार थानं काढायला हात वर केला तर मी म्हटलं काका थांबा, ते डावीकडचं तिसरं द्या. बाहेर नेऊन बघितलं, बरोबर होतं. काकांनी तेवढंच एक मीटर कापून दिलं.

जाताना कापडाचा खरा तुकडा घेऊन जा, दोन बोटं रुंद असला तरी चालेल. फोटोवरून ते अस्तर देत नाहीत.